दिलेलं मत

लोणावळ्याच्या स्टेशनाबाहेर उभा राहणारा तो टांगेवाला यंदा गेला. घोड्याला तो ‘राव’ म्हणे आणि उतारूंशी बोलताना मध्येच त्यालाही विचारी, “काय राव, खरं का न्हाई?” आमच्या नगरपालिकेच्या जुन्या अध्यक्षांवर त्याचा फार जीव. त्यांच्या बंगल्यावरून जाताना तो चाबूक खाली ठेवी.

वय झाले तसे अध्यक्षांनी खुर्ची सोडली. जाताना त्यांनी गावाला सांगितले, ‘माझ्या जागी आपल्या डॉक्टरांना निवडून द्या.’ मतदानाच्या दिवशी याने सकाळपासून टांगा फुकट जुंपला. म्हाताऱ्याकोताऱ्यांना आणताना त्याचे एकच पालुपद, “अध्यक्षांचा शब्द हाय. डाक्टरांचं नाव सांगा.”

लिहिता न येणाऱ्याने उमेदवाराचे नाव तोंडी सांगायचे आणि मतदान केंद्रावर नेमलेल्या माझ्यासारख्या शाळामास्तराने ते चिठ्ठीवर लिहायचे, अशी तेव्हा रीत होती. दुपारी तो स्वतः आला आणि त्याने जुन्या अध्यक्षांचेच नाव सांगितले.

“बाबा, ते उभे नाहीत. मत वाया जाईल, आणि डॉक्टर तर काठावर आहेत.”

“ठावं हाय, मास्तर. त्यांचा शब्द म्या समद्यांस्नी पोचवला. पण माजं मत त्यांना कवाच दिलंय. दिलेलं काढून दुसऱ्याला कसं देऊ?”

त्याची चिठ्ठी बाद झाली. डॉक्टर थोडक्यात निवडून आले. मला आठवते ते मात्र त्या दुपारचे. तो बाहेर गेला, टांग्यात खोळंबलेल्या म्हातारीला त्याने हात देऊन उतरवले आणि हळूच म्हणाला, “मावशी, डाक्टरांचं नाव सांगा बरं का.”