फार धुतलेला समुद्र

कडककाकांना आयुष्यात एकच गोष्ट नीट कळत होती, ती म्हणजे मळ. कॉलरचा मळ वेगळा, बाह्यांचा वेगळा आणि हॉटेलच्या चादरींचा तर विचारूच नका. उभी हयात त्यांनी लाँड्री चालवली. स्टार्च इतका घालायचे, की गिऱ्हाईक शर्टात शिरायच्या आधी शर्टच उभा राहायचा. त्यावरून गल्लीने त्यांना हे नाव दिलं आणि त्यांनीही ते बिनतक्रार वापरलं. बायको गेल्यावर त्यांनी दुकान विकलं. तेव्हापासून घरात धुण्यासारखं फारसं काही उरलं नव्हतं आणि पुढचा सगळा घोटाळा त्यातूनच झाला.

मुलगी एकुलती एक. बाप-लेकीचं भांडण कधीच झालं नव्हतं, कारण भांडायला आधी बोलावं लागतं. सगळं बोलणं आईमार्फत चालायचं. ‘बाबांना सांग’ आणि ‘तिला विचार’ यावर दोघांनी वर्षानुवर्षं निभावून नेलं. आई गेली आणि एका गावात राहूनही दोघं एकमेकांना पाहुण्यासारखी भेटू लागली.

मग ऑफिसने मुलीला काही महिन्यांसाठी लांब पाठवलं आणि तिची खाऱ्या पाण्याची काचपेटी काकांच्या पुढच्या खोलीत आली. पेटीत दगड, वाळू, दोन नारिंगी मासे आणि वाळूत रोवलेली एक चामड्यासारखी मळकट नळी होती. नळीच्या तोंडातून तपकिरी-पांढऱ्या पिसांचा मोठा गोल तुरा फुलला होता. काकांना ते झाडच वाटलं.

“झाड नाही, किडा आहे तो,” मुलगी म्हणाली. “फेदर डस्टर म्हणतात. आत नळीत राहतो, तुऱ्याने पाण्यातले बारीक कण पकडून खातो. बाबा, मासे काय, मिळतील दुसरे. याला तेवढं जपा.”

तिने त्यांच्यावर काही सोपवण्याची ही पहिलीच वेळ होती. हा किडा मेला तर ती पुन्हा काही सोपवणार नाही, हे काकांनी मनाशी पक्कं करून टाकलं आणि ते डोळ्यांत तेल घालून कामाला लागले.

आता त्या पेटीला एक यंत्र होतं. पाण्यात बुडबुडे सोडून त्यातली घाण फेसाबरोबर वर काढायचं. फेस! काकांना माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. वरच्या भांड्यात चहाच्या रंगाचा मळ साठलेला पाहून त्यांनी यंत्र पूर्ण जोरात लावून टाकलं. पंपाने फिरणारं पाणी गाळायला कापडी मोजा होता. मुलीने तो आठवड्याला धुवायला सांगितलं होतं, साबण न लावता. साबण काकांनी लावला नाही, शब्दाचा माणूस. पण धुवायचे मात्र रोज, कधी सकाळ-संध्याकाळ. किड्यासाठी ती एक हिरवट पाण्याची बाटली देऊन गेली होती. ती ओतताना काकांचा हात आखडायचा. स्वच्छ पाण्यात आपल्या हाताने गढूळ ओतायचं म्हणजे काय? दोन थेंब टाकायचे आणि लगेच मोजा बदलायचे. ‘हे देताना पंप बंद ठेवा’ असं ती म्हणाली होती खरी, पण ते त्यांना आळशीपणाचं वाटलं.

पेटी अशी झाली, की काचेत पाणी आहे की नाही हे हात घालून बघावं लागायचं. शेजारपाजारचे येऊन वाहवा करून गेले. फक्त किडा नाराज दिसायचा. काका कौतुकाने वाकले, की सटकन तुरा आत. “अहो, मीच आहे,” असं ते त्याला सांगायचेही. सावली पडली की तो घाबरतो हे मुलीने सांगितलं होतं, पण काकांनी ते मनाला लावून घेतलं.

एका सकाळी तुरा वाळूवर पडलेला होता. अख्खा, मुळापासून सुटलेला. नळीचं तोंड रिकामं.

काकांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी तो तुरा चमच्याने उचलून ओल्या रुमालात ठेवला. का ठेवला, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. मग शोभेचे मासे विकणाऱ्याचं दुकान गाठलं.

“पाणी खराब झालं असेल. बदला,” मालक म्हणाला.

“बदलू नका हां, आणखी हादरेल,” मालकाची बायको गल्ल्यावरून म्हणाली.

“पण पाणी तर आरशासारखं आहे!”

“मग काय खायला घालता?” दोघांनी एकदम विचारलं. काकांनी घरचा रस्ता धरला. घरी येऊन त्यांनी निम्मं पाणी बदललं, मग बदललं म्हणून पस्तावले. मोठ्या बहिणीला फोन केला तर ती म्हणाली, “अरे, किडाच ना तो? फिनेल टाक.” त्या दिवशी काकांच्या डोक्याचा पार भुगा झाला. ज्या माणसाने जन्मभर डाग काढले, त्याच्या हातून डाग नसलेल्या पाण्यात जीव कसा जातो?

दोन रविवार मुलीचे फोन आले. “कसा आहे?” “बरा आहे.” फोन संपला. तिसऱ्या रविवारी खोटं तोंडातून निघेना. “तुरा पडला गं,” ते म्हणाले आणि डोळे मिटून घेतले.

“नळी सोडून बाहेर आलाय का?”

“नाही. आतच आहे.”

“मग आशा आहे. उपाशी राहिला, किंवा कशाने बिथरला, की टाकतात तुरा. पुन्हा फुटतो. बाबा, तो मोजा तुम्ही किती वेळा धुता?”

काकांनी खरं ते सांगितलं. मुलगी हसायला लागली. “अहो, त्याचं जेवणच धुऊन टाकलंत तुम्ही!”

दुसऱ्या दिवशी तिने आपणहून फोन केला. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. यंत्र कमी करा. पंप थांबवा, मग हिरवं पाणी सोडा, अर्धा तास राहू दे. मासे टोचत नाहीत ना, बघा. किड्यावरून गोष्ट ऑफिसवर जायची, तिच्या कंजूष घरमालकिणीवर जायची. एकदा तर आईच्या रागीट स्वभावावरून दोघं पोट धरून हसली. काका संध्याकाळपासून फोन मांडीवर घेऊन बसू लागले.

आणि एके दिवशी नळीच्या तोंडातून नखाएवढा नवा तुरा डोकावला. फिकट, विरळ, एका बाजूला कललेला. काकांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी आनंदाने फोन उचलला आणि तसाच खाली ठेवला. बरा झाला, हे एकदा सांगितलं की पुढे काय? रविवार. “कसा आहे?” “बरा आहे.”

“फुटला का?” तिने संध्याकाळी विचारलं.

“नाही अजून,” काका म्हणाले आणि जीभ चावली.

मग तेच रोज. किडा सुधारतोय याचा आनंद करावा, की तो आणखी थोडा आजारी राहावा असं वाटतंय याची लाज बाळगावी, हे त्यांना उमगेना. सकाळी तुरा बघून बरं वाटायचं आणि दुपारी त्याच्याकडे पाठ करून ते बसायचे. असा कसा माणूस आहे मी, असं ते स्वतःलाच विचारायचे. शेवटी मुलगी काळजीत पडली. “एवढा वेळ लागत नाही. फोटो पाठवा.”

काकांनी पेटीवर हात धरला. सावली पडली, तुरा सटकन आत. त्यांनी रिकाम्या नळीचा फोटो काढून पाठवला. इतकं नीचपणाचं काम त्यांनी दुसऱ्याचा शर्ट जाळल्यावरही केलं नव्हतं.

लगेच फोन वाजला.

“बाबा, नळीच्या तोंडाला नवं कडं दिसतंय. पांढरट.”

“असेल.”

“ते तो स्वतः बांधतो. तुऱ्याने कण गोळा करून. तुरा नसेल तर कडं कुठून येणार?” ती थांबली. “कधी फुटला?”

काकांनी पेटीकडे पाहिलं. शेवटी म्हणाले, “झाले बरेच दिवस.”

“आणि मी इथे काळजी करतेय! सांगितलं का नाहीत?”

“सांगितलं असतं, तर तू रोज फोन केला नसतास.”

बोलून गेल्यावर काकांना वाटलं, जमीन दुभंगली तर बरं. फोन कट झाला की काय, म्हणून त्यांनी तो कानापासून दूर धरून बघितला. सुरूच होता.

“ऐकताय ना?” मुलगी म्हणाली. “उद्या करते मी फोन. याच वेळेला.”

“आता कशाला? बरा आहे की तो.”

“कळलंय मला ते, बाबा.”

तिने फोन ठेवला. काकांनी फोन मांडीवर ठेवला. उद्या ती फोन करणार होती, आणि किड्याचं तर आता काही सांगण्यासारखं उरलं नव्हतं. मग मुलीशी बोलायचं तरी कशाबद्दल, हे त्यांना काही केल्या सुचेना.