नातीचं वजन आणि माझी हुशारी

काचेच्या कारखान्यात मी एकतीस वर्षं पॅकिंग केलं. माझ्या हातचा पेला कुठेही पाठवा, तडा जायचा नाही. त्यामुळे जगातलं सगळं आपल्याला कळतं, असा माझा पक्का समज झाला. बायको म्हणायची, ''यांनी डोकं सोडून सगळं नीट बांधलंय.'' मी ते कौतुक समजायचो.

नात दीड वर्षाची झाली तरी वजन वाढेना. पोट फुगलेलं, हातपाय काड्या, जुलाब तर पाचवीला पुजलेले. डॉक्टरीणबाईंनी तपासण्या लिहून दिल्या आणि तोवर तेलतूप बेतानंच द्या म्हणाल्या. माझं टाळकंच सरकलं. पोरीला आधीच अंगावर मांस नाही, आणि या बाई निघाल्यात खाणं तोडायला. सूनबाईला म्हटलं, ''तुला पोर सांभाळता येत नाही.'' ती भांडी घासत राहिली.

मग मी कंबर कसली. आत माल जास्त गेला की बाहेर जास्त पडतो, एवढं पॅकिंगवाल्याला कोणी शिकवायला नको. सूनबाई गच्चीवर कपडे वाळत घालायला गेली की मी नातीला बोटभर लोणी चाटवायचो. ती टाळ्या पिटायची आणि मी स्वतःवरच फिदा. जुलाब वाढले, तेव्हा वर तोंड करून सुनेला म्हणालो, ''तुझं दूधच बाधत असणार.''

तपासण्यांचे निकाल आले. मुलगा कामावर होता, म्हणून सुनेबरोबर मी गेलो. बाईंनी कागदावर आतडं काढलं. ''खाल्लेली चरबी आतड्याच्या पेशींत शिरते. तिथं कोलेस्टेरॉल आणि चरबी एकत्र करून, वरून प्रथिनाचं वेष्टण घालून बारीक गोळे बांधले जातात. ते आधी लसिकेच्या नळ्यांतून आणि मग रक्तातून अंगभर जातात. तुमच्या नातीला जन्मापासून हे गोळेच बांधता येत नाहीत. चरबी पेशींतच अडकते. तिच्याबरोबर जाणारी जीवनसत्त्वंही पोचत नाहीत. असंच चाललं तर डोळे आणि नसा अधू होतील.''

मला आमचा कारखाना आठवला. एकदा आठवडाभर खोकी आली नव्हती, तेव्हा पेल्यांचे ढीग दारापर्यंत लागले होते आणि भट्टीवाल्याला थांब म्हणून ओरडत होतो तो मीच. आणि इथे रोज बोटानं माल आत ढकलणाराही मीच. एवढा दिवटा माणूस शोधून सापडायचा नाही.

''चरबी बेताची आणि जीवनसत्त्वं भरपूर दिली तर पोर वाढेल,'' बाई म्हणाल्या. ''पण चरबी कमी करूनही जुलाब वाढले कसे?''

''मी सगळं मापानंच देते,'' सूनबाई खाली मान घालून म्हणाली. ''माझंच काहीतरी चुकत असेल.''

गप्प बसलो असतो तर खपून गेलं असतं. माझ्या मनात आलंही तसं, लाज वाटते सांगायला. मग कसाबसा बोललो, ''लोणी चारत होतो मी. रोज. हिच्या पाठीमागे.''

सूनबाई रागावली नाही. ''बाबा, माझं दूध बाधतं म्हणालात ना, म्हणून ते हलकं व्हावं यासाठी महिनाभर मी एक वेळच जेवतेय.''

घरी आल्यावर मी तिला ताट वाढून दिलं आणि समोर बसून राहिलो. दोन घास झाल्यावर ती रडायला लागली, आणि मी तिच्या ताटात आणखी एक पोळी वाढली.