सुरतेला गेले आणि गाळाचं वाण लुटून आले

लोक सुरतेला साड्या घ्यायला जातात. मी सांडपाणी बघायला गेले.

बोलावणं पुतणीचं होतं. जागृती माझ्या धाकट्या दिराची मुलगी. दीर अमळनेरहून लूमवर कामाला म्हणून सुरतेला गेला तो तिथलाच झाला. पोरगी नवागामच्या गल्लीत वाढली, बायोटेक्नॉलॉजी शिकली आणि आता कॉलेजच्या एका प्रकल्पात जिवाणू पाळते. लोक पोपट पाळतात, ही जिवाणू. फोनवर म्हणाली, "मोठीआई, तू ये तर खरी. माझा ड्रम बघ. गल्लीचं मोरीचं पाणी खाऊन साफ करतो."

आता माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालेलं. आमच्याकडे जंतू हा सैतानाचा सख्खा भाऊ होता. दर सोमवारी प्रार्थनेआधी सिस्टर नखं तपासायच्या आणि व्हरांड्यातून फिनाईलचा जो वास यायचा, तो मला आजही अत्तरासारखा वाटतो. अशा बाईला जंतूंच्या घरी पाहुणचाराला बोलावणं म्हणजे धाडसच. पण यजमान गेल्यापासून तीन वर्षं मी कुठे हलले नव्हते. पिशवी भरली.

जाणाऱ्यांसाठी कामाचं आधी सांगते. नाशिकहून सापुतारामार्गे सुरतेची बस घ्यावी, सकाळचीच. घाटात पोट ढवळणाऱ्यांनी पुढची सीट पकडावी आणि वघईला थांबा मिळाला तर चहा घ्यावा, भजी घेऊ नयेत. भज्यांबद्दल मी जास्त बोलत नाही, पोट अजून नाजूक आहे. तिकीट पाचशेच्या आतबाहेर. जानेवारीतच जा, कारण तेव्हा हवा गार असते आणि पोंक मिळतो. पोंक म्हणजे आपला हुरडाच, पण सुरती माणूस त्यावर लिंबू-मिऱ्याची शेव घालून असा देतो की हुरडा शेतात उगवतो हे विसरायला होतं.

पर्वत पाटियाला उतरले तेव्हा संध्याकाळ होती. उत्तरायण नुकतं होऊन गेलेलं, विजेच्या तारांना पतंगांचे सांगाडे लटकत होते. कापडाच्या गठ्ठ्यांनी फुगलेले टेम्पो एकमेकांच्या अंगावर जात होते. रिक्षावाल्याने गठ्ठ्यांच्या सवयीने मलाही आत ढकललं आणि नवागामला आणून सोडलं.

दारात लता उभी होती. लता माझी धाकटी जाऊ. तिच्या मागून घरातून जो वास आला त्याने माझा ऊर भरून आला. फिनाईल! पंख्याची पाती पुसलेली, पाण्याचा माठ घासून लाल केलेला, गॅसची नळीसुद्धा धुतलेली. मी म्हटलं, "लता, अगदी माझी शाळा केलीस गं घराची!" ती नुसती हसली. मग शेवभाजी, कळण्याची भाकरी आणि वर तिखटाचा ठसका. मी तृप्त होऊन झोपले.

सकाळी लोचो खाल्ला. लोचो म्हणजे बिघडलेला ढोकळा, ज्याच्या बिघडण्यावर सुरतकरांनी दुकानं उभी केली. एक प्लेट दोघींत घ्यावी असं मी सुचवेन. मी एकटीने खाल्ली.

मग जागृतीने मला गल्लीच्या मागच्या बाजूला नेलं. कोपऱ्यात एक मोठा निळा ड्रम होता. पाच-सात खोल्यांचं मोरीचं पाणी त्यात येत होतं. खाली माशांच्या टाकीला असतो तसा पंप हवा सोडत होता. "यातला गाळ हाच आपला कामगार," ती म्हणाली. "त्याला हवा द्यायची आणि घाण द्यायची, बस. वरचं निवळलेलं पाणी अंगण धुवायला." तिने पर्समधून एक कागदी पट्टी काढली. तिच्याच वर्गातल्या मुलांनी बनवलेली. पट्टी निळी असते. ड्रममध्ये जीव असेल तर काही वेळात गुलाबी होते.

"म्हणजे घरात पाळणा हलणार की नाही ते बघतात, तसंच," मी म्हटलं.

"मोठीआई!" ती लाजली. कॉन्व्हेंटच्या बायकांकडून लोकांच्या भलत्याच अपेक्षा असतात.

पट्टी बुडवली. आम्ही थांबलो. ती निळीच राहिली. दुसरी बुडवली, तीही निळी. जागृती वाकून ड्रमचा वास घ्यायला लागली आणि तिचा चेहरा उतरला. मलाही तो वास आला. माझ्या शाळेचा व्हरांडा.

"आई!" तिने हाक मारली. "ड्रममध्ये काय टाकलंस?"

लता पदराला हात पुसत आली. "थोडंसं फिनाईल. आनि ब्लिचिंग पावडर."

"थोडंसं म्हणजे?"

"बाटलीभर."

"काबरं पन, आई?"

लता माझ्याकडे न बघता म्हणाली, "ताई येनार म्हनीसन. तिले वास ई ना. मांगला टाईमले मोरीपाशी ताईनी नाकले रुमाल लायेल व्हता."

मला आठवलंही नाही तो रुमाल. तिला मात्र आठवत होता, तोही इतका की तिने माझ्यासाठी एका ड्रमभर जिवांना स्वर्गात धाडलं होतं.

आणि नेमकी दुसऱ्या दिवशी सकाळी समिती येणार होती. कॉलेजचे दोघे आणि महापालिकेच्या एक बाई. ड्रम चालू दिसला तर राहणार, शेजारच्या गल्लीतही बसणार. बंद दिसला तर उचलायचा आणि ती जागा मोटरसायकली लावायला मोकळी. गल्लीतले काही पुरुष तर खुणाही करून गेले होते, कुणाची गाडी कुठे. जागृतीची दोन वर्षं त्या कोपऱ्यात होती. ती ड्रमच्या काठावर हात ठेवून उभी राहिली, रडली नाही. मग म्हणाली, "ड्रम धुवून काढायचा. नवं विरजण आणायचं."

"विरजण?" मी विचारलं.

"गल्लीत बायकांना गाळ म्हटलं की तोंड वाकडं करतात. म्हणून मी सांगते, हे विरजण आहे. दुसऱ्या ड्रमातला जिवंत गाळ आणून घातला की हा पण लागतो." दुसरा ड्रम सुरतेतच, पण लांब बमरोलीला होता, देवकाबाईंच्या खोलीमागे. यवतमाळकडच्या बाई, तो ड्रम त्याच सांभाळत.

ड्रम रिकामा करून पुन्हा पुन्हा धुण्यात दुपार गेली. नळाला पाणी येईल तसं धुवायचं. मधल्या वेळात जागृती जादा पट्ट्या आणायला कॉलेजच्या प्रयोगशाळेत गेली, मीही सोबत गेले. तिथे तिची एक मैत्रीण गटारीच्या पाण्याची बाटली प्रेमाने हलवत बसली होती. त्या पाण्यावरून गल्लीत कावीळ शिरलीय की टायफॉईड, हे डॉक्टरकडे रांग लागायच्या आधी कळतं म्हणे. पूर्वी ही बातमी भांडी घासणाऱ्या बायका देत, आणि कुणाच्या सुनेला काय झालंय तेही वर सांगत. पण ते गटारीला नाही विचारता येत. दुसऱ्या टेबलावर एक कागद होता, त्यावर बोटातल्या रक्ताचा थेंब टाकला की डेंग्यू आहे का ते दिसतं. यंत्र नको, वीज नको. मी बोट पुढे केलं नाही. सुईची भीती मला अजून आहे.

परत आलो तेव्हा ऊन कललं होतं. जागृतीला ड्रमपाशी थांबणं भाग होतं, म्हणून दुधाचे दोन मोठे कॅन घेऊन मी आणि लता बमरोलीला निघालो. "झाकण घट्ट लावू नका हं," जागृतीने बजावलं, "गुदमरतील."

रिक्षात लता कोपऱ्यात अंग चोरून बसली होती. मी काही बोलायला जावं तर ती डोळे पुसायची. शेवटी मी म्हटलं, "अगं, मी शाळेत असताना देवळाच्या पायरीवरही फिनाईल टाकलं असतं." ती हसली, पण अर्धवट.

पोचेपर्यंत दिवे लागले होते. देवकाबाई उंच, काटक, हातात उदबत्ती. आम्ही कशाला आलो ते कळलं तशी त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"आता नाई देत मी. दिवे लागले ना."

मला कळेना. "म्हणजे?"

"तुमच्या पोरीनंच सांगतलं, विरजन हाय म्हनून. दिवे लागल्यावर विरजन कोनी देते काय? घरातली बरकत जाते."

"देवकाबाई, अहो, ते सांडपाणी आहे."

"सांडपानी असतं तं तुमी कायले मांगाले आल्या असत्या?"

पुतणीने गाळाला विरजण केलं होतं, आता ते विरजण सगळे नियम पाळणार होतं. सकाळी या म्हणाल्या, पण समिती सकाळी येणार होती. मी शास्त्र सांगून पाहिलं, लताने हात जोडून पाहिले. देवकाबाई उदबत्ती ओवाळून आत गेल्या, बाहेर आल्या, आमच्याकडे पाहिलं, ड्रमकडे पाहिलं.

"पोरीचं काम बंद पडन काय?"

"पडेल," मी म्हटलं.

त्यांनी बोटांवर तिथी मोजली. मग हळूच म्हणाल्या, "विरजन म्हनून नाई देत. वान म्हनून देईन. रथसप्तमीपावतर वान लुटता येते, आन् ते संध्याकायीच लुटते." मग आवाज आणखी खाली गेला. "पन मी अशी. मालक जाऊन लय साल झाले. माह्या हातचं वान चालते काय तुमाले?"

हा प्रश्न लताला होता. आमच्यात सवाष्ण तीच. ती देवाधर्माला किती कडक आहे ते मला ठाऊक, आणि यजमान गेल्यापासून माझी हळदीकुंकवाची बोलावणी कशी आपोआप बंद झाली तेही. मी नकळत एक पाऊल मागे सरकले.

लताने कॅन खाली ठेवला आणि पदर पसरला. "चालस ना माय. काबरं नही चालाव?" मग माझा दंड धरून मला पुढे ओढलं. "आनि हाई मन्ही मोठी जाऊ. हिले बी कुकू लाया."

देवकाबाईंनी लताला हळदीकुंकू लावलं, मग मला, जरा मोठंच. मग मी त्यांना लावलं. त्यांनी आमच्या हातावर तीळगूळ ठेवला आणि मगाने ड्रममधला गाळ आमच्या कॅनमध्ये ओतायला सुरुवात केली. वास घाणीचा नव्हता. ओल्या कुंडीच्या मातीचा होता. तीन वर्षांनी मिळालेलं माझं पहिलं वाण तपकिरी होतं आणि डचमळत होतं.

परतीच्या रिक्षात कॅन मांडीवर. झाकण सैल. गतिरोधक आला की जिवाणू माझ्या साडीवर.

"मासी, डब्बामां शुं छे?" रिक्षावाल्याने आरशातून विचारलं.

"विरजण," लता म्हणाली, आणि आम्ही दोघी अशा हसत सुटलो की त्याने वेग वाढवला.

जागृतीने गाळ ओतला, पंप लावला. सकाळी वरचं पाणी निवळायला लागलं होतं. समिती आली. लता माझ्या कानात म्हणाली, "कालचं सांगू नको म्हना पोरीले." पण जागृतीने सगळं सांगितलं. बाटलीभर फिनाईल, धुतलेला ड्रम, बमरोलीहून आलेला गाळ. मग पट्टी बुडवली. आम्ही सगळे त्या चिटोऱ्याकडे बघत उभे. तिचा कोपरा जांभळा झाला, मग सावकाश, अगदी नवऱ्या मुलीसारखी, गुलाबी झाली.

महापालिकेच्या बाईंनी लताकडे पाहिलं. "फिनाईल तर घरोघरी पडणार," त्या म्हणाल्या. "मेल्यावर पुन्हा चालू कसा करायचा, हेच आम्ही विचारणार होतो." ड्रम राहिला. शेजारच्या गल्लीतला मात्र पावसाळ्यानंतर, आणि त्याआधी इथे पाटी लावायची अट. पाटीवर काय लिहावं यावरून जागृती आणि तिच्या सरांत अजून मतभेद आहेत. मोटरसायकलवाल्यांनी खुणा पुसल्या नाहीत. आशा असते एकेकाला.

निघताना लता मला म्हणाली, "ताई, आते येशात ना, तं मी काहीच धुवाव नही." मी तिला सांगितलं, बाई, तेवढंही नको. माठ घास.

नाशिकला आले. मोरीतली फिनाईलची बाटली तिथेच आहे. वास मी अजून घेते, वापरते कमी. आणि ती साडी, चंदेरी, दोनदा धुतली तरी मांडीवरचा तळहाताएवढा तपकिरी डाग गेलेला नाही. इस्त्रीवाला दर वेळी विचारतो, "काकू, हा कशाचा डाग?"

मी सांगते, हळदीकुंकवाचा.