बुडाला दोन लाल ठिपके

पासष्टाव्या वर्षी मला एक गोष्ट पक्की ठाऊक होती. दुकानात दिलेली वस्तू तीच परत येत नाही. मिक्सर दिला की त्याची मोटर बदलतात, पंखा दिला की आतली तांब्याची तार काढून घेतात. हे कधी, कुणाच्या बाबतीत घडलं असं विचाराल तर आज एकाहत्तराव्या वर्षीही मला एक उदाहरण देता येत नाही. पण तेव्हाची ती बाई, म्हणजे मी, उदाहरणासाठी अडून बसणाऱ्यांतली नव्हती.

निमित्त झालं वन्संचं. वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद, चिंचणीला चिकूच्या वाडीत एकट्या राहतात. तेव्हा त्यांनी ऐंशी गाठली होती आणि नजरेच्या मधोमध डाग पडला होता. डॉक्टर म्हणाले, कडेकडेने दिसत राहील, अक्षर खूप मोठं केलं तर वाचताही येईल. वन्सं शाळेत चौथीपर्यंतच गेल्या, पण पेपर पहिल्या पानापासून बोअरवेलच्या जाहिरातीपर्यंत वाचायच्या. फोनवर अक्षर मोठं करून बघितलं तर एका वेळी चारच शब्द दिसत, आणि वाडीत काम करून सुकलेल्या त्यांच्या बोटांना फोनचा पडदा दादच देईना. आम्ही गेलो की वाचून दाखवायचो. मी मधली कंटाळवाणी पानं गाळायची आणि त्या बरोबर पकडायच्या.

"तू गाळतेस गो. माला कळतंय. ऱ्हाऊ दे, नको वाचू."

शेवटी त्यांनी पेपर बंद केला. ते कळलं त्या दिवशी माझी सून जेवताना म्हणाली, "आई, आत्यांना आपण कॉम्प्युटर करून देऊ. पडदा तेवढा नवा, मोठा घेऊ. बाकी सगळं वापरलेलं चालेल."

करून देऊ! जणू काही लाडू. माझा संशय तिथेच सुरू झाला. सून पालघरला एका ऑफिसात बसते, तिला यातलं कळतं, हे मला मान्य होतं. पण वापरलेलं का? कुणी वापरलेलं? चांगलं असेल तर त्याने काढलं कशाला? एकेक वस्तू घरी येऊ लागली तशी मी ती खिडकीशी नेऊन बघायची. सगळं ज्यात बसवायचं तो डबा आला, त्याला चाळणीसारखी भोकं. चिंचणीच्या खाऱ्या हवेत याचं काय होणार? मदरबोर्ड नावाचा हिरवा पत्रा आला, त्याचा वास घेतला. मेमरी म्हणून एक लांबट पट्टी आली. तिच्या एका मैत्रिणीने प्रोसेसर दिला, तो बिस्किटाएवढा चौकोन.

"हाच खरा मेंदू," सून म्हणाली. "दुसरा मिळायचा नाही हं आई एवढ्यात. जपून."

मग म्हणाली, "जोडायला मात्र बोईसरला देऊ. मेंदू बसवताना बोर्डावरची एक बारीक पिन जरी वाकली तर बोर्ड गेला. दुकानात ठेवून येऊ, दुसऱ्या दिवशी मिळेल."

ठेवून येऊ. रात्रभर. मेंदू.

आमच्याकडे लग्नकार्याला भांडी घरोघर मागून आणायची रीत होती. टोप, पराती, घागरी, सगळ्या एकसारख्या. मग प्रत्येक घराची खूण ठरलेली असायची, भांड्याच्या बुडाला, ऑइलपेंटची. कुणाची रेघ, कुणाची फुली. आमचे दोन लाल ठिपके. भांडी परत करताना उलटी करायची, खूण बघायची, ज्याची त्याला द्यायची. सासूबाईंनी मला या घरात पहिली शिकवलेली गोष्ट ती.

तेव्हा दुपारी सगळे झोपल्यावर मी सुनेच्या कपाटातून लाल नेलपॉलिश काढलं आणि बसले. डब्याच्या बुडाला दोन ठिपके. प्रोसेसर उलटा केला तर खाली काय सुंदर, सोनेरी ठिपक्यांची रांगोळीच. मधोमध कोरी जागा होती, पण कोपऱ्यातली खूण पटकन दिसते, म्हणून कोपऱ्यात दोन लाल. मेमरीच्या पट्टीचं बूड कुठलं यावर जरा विचार करावा लागला. तिला एक सोनेरी काठ होता, तेच बूड ठरवलं. ठिपके वाळेपर्यंत मी फुंकर घालत बसले होते. स्वतःवर इतकी खूश मी लग्नातही नव्हते.

दुसऱ्या दिवशी बोईसरला सगळं ठेवून आलो. तिसऱ्या दिवशी आणायला गेलो तर दुकानदार मान हलवत होता. चष्म्यावर आणखी एक भिंग लावलेला, हिंदी बोलणारा माणूस.

"मॅडम, पंखा घूमता है, स्क्रीन पे कुछ नहीं आता. प्रोसेसर गया लगता है."

सुनेचा चेहरा पडला. मला मात्र आतून गुदगुल्या व्हायला लागल्या. आला की नाही सापळ्यात!

"गया कैसे?" मी पुढे झाले. "घर से अच्छा निकला था. निकालो बाहर. उलटा करो."

"माताजी, उलटा करके क्या देखेंगे?"

"हमारा है के नहीं, वो देखेंगे!"

"आई, अहो..." सून.

"तू गप."

त्याने पंखा सोडवला, राखाडी मलम पुसलं, प्रोसेसर चिमटीत धरून उलटा केला. कोपऱ्यात दोन लाल ठिपके. खरं सांगते, मला वाईट वाटलं. त्याने बदलला नव्हता.

"हां. हमारा ही है," मी जरा खालच्या आवाजात म्हटलं. "ये हमारा निशान है."

"निशान?" त्याने भिंग खाली ओढलं. "ये आपने लगाया? मुझे लगा कंपनी का होगा." मग रागावला नाही, भिंग काढून माझ्या हातात दिलं. "देखिए माताजी. हर सोने के दाने से करंट जाता है. आपने इतने दाने बंद कर दिए."

मी बघितलं. चांगले सहा-सात दाणे माझ्या खुणेखाली झाकले होते.

"ही माझी नेलपॉलिश," सून म्हणाली. "आई, आणखी कुठे?"

"मेमरीला."

"कुठे मेमरीला?"

"बुडाला."

ती दुकानातल्या कपाटाकडे तोंड करून उभी राहिली. तिचे खांदे हलत होते. रडतेय की हसतेय कळेना, आणि दोन्हींचा मला राग आला असता.

दुकानदाराने कापसाच्या काडीने स्पिरिट लावून पुसायला घेतलं. पहिल्यांदा जोडून बघितलं, पंखा फिरला, पडदा काळा. "एक बार और," तो म्हणाला आणि पुन्हा सगळं सोडवलं. तेव्हा मात्र माझ्या तोंडचं पाणी पळालं. दुसरा प्रोसेसर मिळायचा नव्हता. वन्सं ओट्यावर बसल्या असतील, मांडीवर काही नसेल. मी नास्तिक नाही, पण त्या दिवशी देवाचं नाव घ्यायचीही लाज वाटली, कारण तो विचारणार, ठिपके कुणी लावले?

या खेपेला टीक् असा आवाज झाला आणि पडद्यावर पांढरी अक्षरं धावायला लागली.

बोईसरहून रिक्षाने चिंचणीला जाताना सुनेने डबा मांडीवर घेतला होता. पाम गाव मागे पडल्यावर म्हणाली, "आत्यांना सांगू का?"

"काय?"

"काही नाही," ती म्हणाली आणि मांडीवरच्या डब्यावर हात ठेवून बाहेर बघत बसली. सहा वर्षं झाली, अजून तिने सांगितलेलं नाही. का सांगत नाही, याचा मला संशय आहेच.

वन्संनी यंत्राकडे आधी कडेकडेने बघितलं, त्यांची नजर तशीच चालते.

"यातून माला कोण बघतो नाय ना?"

"नाही हो आत्या. कॅमेराच नाही लावलाय."

"मग ठीक हाय. दाव."

सुनेने पेपर उघडला, अक्षर मोठं केलं, आणखी मोठं, तळहाताएवढं. वन्संच्या हाताखाली माऊस देऊन चाक कसं फिरवायचं ते दाखवलं. त्या मान तिरकी करून बसल्या. ओठ हलायला लागले. मी वाकून बघायला गेले.

"उजेड अडवू नको गो."

पंधरा मिनिटं झाली, अर्धा तास झाला. त्यांच्या घरात पाहुणा कधी स्वतःच्या हाताने पाणीसुद्धा घेत नसे. शेवटी मान न वळवता त्या म्हणाल्या, "तुमी अजून हायत? मच्छीचा रस्सा हाय टोपात, भात हाय. घ्या आपापलं वाढून."

आम्ही आत गेलो, ताटं घेतली. बाहेरून त्यांचा आवाज येत होता, एकेक शब्द जोडत, अडखळत, मोठ्याने.

"उद्या पाणी येणार नाय म्हणे."

"कुठे?" मी घास थांबवून ओरडले.

"ठाण्यात."

"मग आपल्याला काय त्याचं, वन्सं?"

"वाचू दे गो," त्या म्हणाल्या, "तू जेव."