पत्र्यावरचे गोटे

"मॅडम, नालीचं माप होत राहीन. चहा घ्या. उद्या पोरीचं लगन हाय," भास्करराव म्हणाले. मी मात्र वर बघत होते. ज्या शेडखाली दुसऱ्या दिवशी लग्न लागणार होतं, त्याच्या पत्र्यांवर दगड ठेवले होते. दोन्ही हातांनी उचलावे लागतील एवढाले.

मी तेव्हा मोर्शी तालुक्यात बांधकाम खात्याची ज्युनिअर इंजिनिअर होते. नाली, शाळेची खोली, समाजमंदिर, ही माझी कामं. लग्नाचं शेड त्यात बसत नव्हतं. पण मोबाइलवर वादळाचा अलर्ट येऊन पडला होता आणि तो पाहून चहा गोड लागेना.

वऱ्हाडात वैशाखातलं वादळ नवं नाही. दुपारभर ऊन भाजतं, मग पश्चिमेला काळं भरून येतं आणि बघता बघता झाडं आडवी होतात. घरोघरी त्याच्या गोष्टी. कुणाचा पत्रा दुसऱ्या गावच्या संत्र्याच्या बागेत सापडला, कुणाची बैलगाडी उलटली. लोक रंगवून सांगतात. आणि उपाय सगळ्यांचा एकच, पत्र्यावर दगड.

"हे काढून घ्या," मी म्हणाले.

"काहून? गोटे काढले तर पत्रे उडून जातीन ना!"

मी समजावलं. शेड समोरून उघडं, मागे भिंत. आत शिरलेला वारा पत्र्याला खालून वर ढकलतो. दगडाच्या वजनाला तो जुमानत नाही. पत्रा उचलला की दगड घरंगळतो आणि खाली बसलेल्यांवर येतो. पत्रा धरून ठेवतो तो जे-बोल्ट, म्हणजे खालच्या लोखंडी पाइपाला आकड्यासारखा अडकणारा बोल्ट. इथले बरेचसे गंजून गेले होते.

"लगनघरी असं बोलता काय, मॅडम? माही माय वादळात गेली. वादळ काय असते, ते मले नोका शिकवू."

मला वाईट वाटलं. तरी विचारलंच, "त्यांना लागलं काय होतं?"

भास्कररावांनी कप खाली ठेवला.

"गोटा," ते म्हणाले. "घरावरचा. म्याच ठेवला होता."

गाव इतकी वर्षं 'वादळानं नेली' म्हणत होतं. तेही तेच म्हणत आले होते. उगाच विचारलं, असं मला वाटून गेलं. त्यांचा चेहरा बघवेना.

ते उठले, शिडी लावली आणि पहिला दगड स्वतः खाली आणला. मोर्शीहून सलीमभाई वेल्डर बोल्ट घेऊन आले. अंधार पडला तेव्हा दगड सगळे उतरले होते, मागच्या बाजूचे बोल्ट तेवढे बदलायचे राहिले होते. मी बजावलं, आभाळ काळं दिसलं की सगळ्यांना शाळेच्या स्लॅबखाली न्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भास्कररावांचा फोन आला. मंगलाष्टकं संपता संपताच वारा सुटला होता.

"मॅडम, शाळेत पोचाच्या आधीच मागचे पत्रे गेले. बुंदी सारी भिजली. पण माणसं बराबर हायत." मग म्हणाले, "पोरीच्या डोक्शावर अक्षताच पडल्या फक्त."



पुढच्या उन्हाळ्यात त्या गावात पुन्हा काम निघालं. बहुतेक घरांवर दगड होते तसेच होते. भास्कररावांच्या घरावर एकही नव्हता. उतरवलेल्या सगळ्या दगडांचा त्यांनी अंगणात ओटा बांधला होता, मला तिथेच बसवून चहा दिला. नोकरीभर मी बांधकामाचे पुष्कळ नियम लोकांना सांगितले, पण लक्षात राहील असा एकच. दगड माणसाच्या बुडाखाली असावा, डोक्यावर नसावा.