लाल दाराचा अल्बम

मास्तरांनी जन्मात कुठल्या शाळेत शिकवलं नव्हतं. त्यांचं रेकॉर्डचं दुकान होतं. अल्बम घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला त्यावर तासभर ऐकवल्याशिवाय ते पिशवी हातात देत नसत, म्हणून सगळा बाजार त्यांना मास्तर म्हणायचा.

दुकानात सगळ्यात जास्त खपायचा तो लाल दाराचा अल्बम. मास्तरांच्या तरुणपणी चार दाढीवाल्या पोरांनी काढलेला हा रॉक अल्बम. कव्हरवर नुसतं एक बंद लाल दार. मास्तर त्याचे इतके गोडवे गात की त्यांचा जीव त्यातच अडकलाय अशी घरच्यांची खात्रीच झाली होती.

मग एका सकाळी, दुकानाचं शटर वर करता करता मास्तर खाली कोसळले. पक्षाघात. हातपाय गेले, वाचा गेली. कान तेवढे शाबूत राहिले आणि डोकंही. दुकानाच्या वरच्या खोलीत पलंग मांडला गेला. "आवडीचं काहीतरी कानावर पडू द्या, बरं वाटेल," डॉक्टर म्हणाले. मुलाने त्याच दिवशी उशाशी स्पीकर आणून ठेवला, लाल दाराचा अल्बम लावला आणि रिपीटवर टाकून खाली दुकानात गेला.

पहिलं गाणं ऐकताना मास्तरांच्या डोळ्यांतून पाणी आलं. बायकोने मुलाला हाक मारून दाखवलं, "बघ, ओळखलं त्यांनी." तिथेच मास्तरांचं नशीब ठरलं.

पहिली बाजू खरंच झकास होती, त्याबद्दल वाद नव्हता. दुसऱ्या गाण्यात गिटार सुरू होण्याआधी ढोल एकटाच चालत येतो, तसं चालणं पुन्हा कुणाला जमलं नाही. पण दुसरी बाजू म्हणजे नुसतं पाणी घालून वाढवलेलं कालवण. गिटारवाला एकदा जो दळायला बसतो तो उठायचं नाव घेत नाही. "दुसरी बाजू हळूहळू चढते," असं मास्तर गिऱ्हाइकांना सांगत. ते दुकानदाराचं बोलणं होतं. अल्बम घरोघरी होता, पण दुसरी बाजू शेवटपर्यंत ऐकलेला माणूस त्यांना उभ्या आयुष्यात भेटला नव्हता. लोक तो ऐकायला नेतच नसत. भिंतीवर घड्याळ हवं तसा तो घरात हवा असायचा.

आता तो शेवटपर्यंत ऐकणारे मास्तर एकटेच. सकाळी चहा चमच्याने पाजताना तोच, अंग पुसताना तोच, दुपारी भेटायला येणाऱ्यांच्या गप्पांमागेही तोच. गिटारवाला दळायला बसला की मास्तर डोळे घट्ट मिटून घेत. तेवढंच त्यांच्या हातात उरलं होतं. बायको कौतुकाने म्हणायची, "किती शांत वाटतंय त्यांना," आणि आवाज थोडा वाढवायची.

अशात त्यांची थोरली बहीण, आक्का, राहायला आली. आक्काला म्हातारपणी अजिबात ऐकू येईनासं झालं होतं. ओठांवरून बोलणं ओळखायची आणि स्वतः मोठ्याने बोलायची. पलंगासमोर खुर्ची ओढून ती भावाचं तोंड बघत बसली. दुपारपर्यंत बसली. मग भावजयीला म्हणाली, "याला काय त्रास देताय गं?"

"त्रास कसला, वन्सं? गाणी लावलीत. त्यांच्या आवडीची."

"मला गाणी कळत नाहीत. तोंड कळतं. लहानपणी औषध पाजताना कपाळावर हीच आठी असायची त्याच्या." ती भावाकडे वळली. "अरे, हे हवं असेल तर डोळे उघडे ठेव. नको असेल तर मीट."

मास्तरांनी डोळे मिटले. इतके करकचून मिटले की पापण्या थरथरायला लागल्या.

बायकोने स्पीकर बंद केला. खोलीत एवढी शांतता झाली की खाली रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवली तीही ऐकू आली. ती पलंगाच्या कडेला बसली. "अहो, इतके दिवस... मला वाटलं तुम्हाला झोप लागते."

मुलगा दुकानातून कव्हरांचा ढीग घेऊन वर आला आणि एकेक बापासमोर धरायला लागला. झगमगीत कपड्यांतल्या नाचऱ्या गायकाचा, लोक लग्नात भेट द्यायचे तो अल्बम. डोळे मिटले. विमानाचं चित्र असलेला. मिटले. आयुष्यभर ज्यांची शिफारस केली ते सगळे खपाऊ अल्बम मास्तरांनी एका दुपारी निकालात काढले. मुलगा कंटाळून खाली गेला आणि गल्ल्यामागच्या खणात सापडलेला एक घेऊन आला. कव्हरवर पिवळा कोट घातलेली मुलगी, हातात फुगा.

मास्तरांचे डोळे उघडेच राहिले.

"हा?" मुलगा म्हणाला. "बाबा, हा मागणाऱ्या पोरींना तुम्ही हसायचात. साखरेचा पाक म्हणायचात."

आक्का म्हणाली, "त्याला विचारलंय. तुला नाही."

हसायचे खरे. पण सकाळी शटर अर्धंच वर करून मास्तर रोज एकटे तोच ऐकत. त्या मुलीला मिरवायचं नव्हतं. प्रत्येक ओळीआधी ती श्वास घ्यायची आणि तो श्वास रेकॉर्डवर ऐकू यायचा. आता पडल्या पडल्या तो ऐकताना मास्तरांची छाती तिच्या श्वासाबरोबर वर व्हायला लागली. त्या दिवशी त्यांना पहिल्यांदाच सुटल्यासारखं वाटलं.

आक्का आठवडाभर राहून आपल्या घरी गेली.

बायकोने मात्र तो अल्बम धरला तो धरलाच. सकाळी तोच, दुपारी तोच. एरवी गाणं म्हटलं की स्वयंपाकघरात निघून जाणारी ती बाई, चादरींच्या घड्या घालता घालता त्याच्या चाली गुणगुणायला लागली. सूर कुठल्या कुठे जायचा. महिन्याभरात मास्तरांना तोही नकोसा झाला. पिवळ्या कोटातल्या मुलीचा श्वास कुठे येणार हे त्यांना आधीच कळायचं आणि त्यात काही उरलं नव्हतं.

बायको आता विचारायला शिकली होती. एका दुपारी अल्बम संपल्यावर तिने वाकून विचारलं, "पुन्हा लावू? का पुरे झालं?"

तिच्या ओठांवर अजून ती चाल होती. केसांना तेल लावलं होतं, आणि कितीतरी दिवसांनी तिचा चेहरा जरा सैलावलेला दिसत होता.

मास्तरांनी डोळे उघडे ठेवले. पापणी जड झाली, डोळ्यांत चुरचुरायला लागलं, तरी ठेवले.

"बरं," ती म्हणाली, आणि पहिल्या गाण्यापासून पुन्हा लावलं.