अक्कांच्या मापाची बंदूक

आमच्या सोसायटीत बंदूक घेऊन लिफ्टमध्ये चढणाऱ्या एकट्या अक्का होत्या. बंदूक जुन्या नऊवारीत गुंडाळलेली असे. पण तिच्या लांबीमुळे ती लपत नसे आणि अक्कांना ती लपवायचीही नसे. निवडणूक जाहीर झाली की परवाना असलेल्यांनी हत्यार पोलीस ठाण्यात जमा करायचं, हा नियम त्या स्वतः रिक्षाने जाऊन पाळत. परतल्यावर कुणी विचारलं तर म्हणत, "माहेरी धाडलीय. निकाल लागला की येईल." पिंपळे सौदागरात निवडणुकांना तोटा नाही. त्यामुळे त्या बंदुकीचं माहेरपण खुद्द अक्कांपेक्षा बरं झालं.

अक्का मूळ गावातल्या. आमची इमारत त्यांच्याच ज्वारीच्या शेतात उगवलेली. बिल्डरने तिला जिभेला न झेपणारं परदेशी नाव दिलं होतं, आणि आम्ही फ्लॅटवाले ते पत्त्यात अभिमानाने लिहायचो. अक्का मात्र शेवटपर्यंत 'विहिरीवरची बिल्डिंग' म्हणत. माणसांची नावंही त्या अशीच सोयीने ठेवत. मी चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटी खात्यात होतो, म्हणून त्यांनी मला 'क्वालिटी' करून टाकलं. "क्वालिटी, च्या घ्या," असं त्या मजल्यावरून ओरडत, तेव्हा नव्या भाडेकरूंना तो चहाचा ब्रँड वाटे.

ती रायफल त्यांच्या सासऱ्यांची. विलायती, शिकारीची, नळीवर कोरलेल्या अक्षरांची. सासऱ्यांनी या बंदुकीने मावळच्या डोंगरात बिबट्या मारला, अशी घराण्याची कथा होती. अक्का ती पाहुण्यांसमोर खाली मान घालून ऐकत आणि पाहुणे गेले की दुरुस्त करत. "बिबट्या न्हाई, शेजाऱ्याचा रेडा व्हता तो. उसात घुसला व्हता. भरपाई दिली आमी." लग्न होऊन आल्यापासून दर खंडेनवमीला ती बंदूक तेलाने पुसायची, झेंडूचा हार घालायचा आणि दोन्ही हातांनी पुरुषांकडे द्यायची, एवढं त्यांचं काम. सासरे गेले, मालक गेले, मूलबाळ नव्हतं, परवाना अक्कांच्या नावावर आला. तरी घरात तिला 'आजोबांची बंदूक'च म्हणत. "पुसायची मी आन् मिरवायचे हे," असं अक्का म्हणत. तक्रार म्हणून नव्हे. हवामान सांगावं तसं.

'हे' म्हणजे त्या काळात पुतण्या. तो व्यवसायाने भावी नगरसेवक होता. चौकातल्या प्रत्येक फ्लेक्सवर तो कुणाला तरी शुभेच्छा देत असे आणि ज्याला शुभेच्छा त्याच्यापेक्षा याचाच चेहरा मोठा असे. एका दसऱ्याला त्याला आजोबांच्या बंदुकीसह फोटो हवा होता. गुळगुळीत फरशीवर दस्ता टेकवून, नळीवर दोन्ही हात ठेवून, छाती काढून तो रेलला. फरशीने दगा दिला. दस्ता, म्हणजे खांद्याला लावायचा लाकडी भाग, मुठीपाशी सगळ्यात बारीक असतो, तिथेच तो मोडला. घराण्याची प्रतिष्ठा दोन तुकड्यांत पडली आणि तिच्यावर पुतण्या.

तो उठला आणि लगेच जबाबदारीने बोलू लागला. हुबेहूब तसाच दस्ता करायचा, आजोबांच्या मापाचा, नाहीतर अँटिक व्हॅल्यू जाते. अक्का म्हणाल्या, "ती व्हॅल्यू मोडायच्या आदी सांगायची व्हतीस."

पुण्यात कॅम्पातल्या बंदुकीच्या दुकानात अक्कांबरोबर मी गेलो. वाटेत मी त्यांना दस्त्याला इंग्रजीत स्टॉक म्हणतात, हे शिकवून ठेवलं होतं. त्यांनी ऐटीत विचारलं, "स्टॉक हाय का?" दुकानदार म्हणाला, "कशाचा?" "स्टॉकचा." "स्टॉकमध्ये नाही," तो म्हणाला. हे बराच वेळ चाललं. शेवटी कळलं ते असं की इतक्या जुन्या रायफलचा तयार दस्ता मिळणार नाही. मोडलेला आतून खीळ घालून चिकटवता येईल, किंवा कुणाकडून नवा कोरून आणलात तर दुकानाचा परवानाधारक मिस्त्री बसवून देईल.

आम्ही परतलो. घरी पुतण्या थांबलाच होता. जुनाच चिकटवा, त्याने फर्मावलं. आजोबांचा गाल त्या लाकडाला लागलेला आहे. अक्कांनी दोन्ही तुकडे जुळवून दस्ता आपल्या खांद्याला लावून पाहिला. सासरे सहा फुटी आणि या जेमतेम पाच. बोट चापापर्यंत पोचेना. एवढी वर्षं पुसूनही ती खांद्याला लावून पाहायची त्यांना कुणी मुभा दिली नव्हती, हे मला तेव्हा कळलं.

"नवा करायचा," त्या म्हणाल्या.

"पण आजोबांच्याच मापाचा," पुतण्या म्हणाला.

"आजोबा गेले. परवाना कुनाचा हाय?"

"तुमचा."

"मग माप कुनाचं घ्यायचं?"

पुतण्याने माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं.

कोरायला भोसरीचा एक पॅटर्नमेकर मी गाठून दिला. फाउंड्रीत ओतकामाला लागणारे लाकडी नमुने करण्यात त्याचं आयुष्य गेलेलं, पण बंदूक त्याला नवी होती. त्याआधी अक्का पोलीस ठाण्यात जाऊन लाकडाला परवाना लागतो का, हे विचारून आल्या. अशी शंका कुणी काढली नसल्याने त्यांना तिथे दोनदा चहा मिळाला. लागत नाही, असं ठरलं. मग "लोखंड सरकारचं, लाकूड माजं," असं जाहीर करून त्या फक्त मोडके तुकडे घेऊन भोसरीत उतरल्या.

पॅटर्नमेकरने सवयीने ड्रॉइंग मागितलं. अक्कांनी पदर सावरून उजवा हात पुढे केला. "हे घ्या." त्याने जरा लाजतच कोपराच्या खोबणीपासून बोटापर्यंत टेप धरला. एक पंचाईत मात्र झाली. धातू थंड झाल्यावर आकसतो, म्हणून नमुना मुळात थोडा मोठा करायचा, हे त्याच्या हातात इतकं मुरलेलं होतं की शिसवी दस्त्यालाही तो थोडं वाढवूनच खूण करू लागला. अक्कांनी पेन्सिल धरली. "भाऊ, आकसायचं ते मी आकसून झाले. आता हाय तेवढंच धरा."

मिस्त्रीने दस्ता बसवून दिला. घरी आल्यावर अक्कांनी दार लावलं, बंदूक रिकामी असल्याची खात्री केली, एकदा मलाही करायला लावली, आणि बाल्कनीकडे तोंड करून ती खांद्याला लावली. गाल टेकला. बोट चापाशी पोचलं. समोरच्या टॉवरच्या वीजरोधकावर त्यांनी इतका वेळ नेम धरला की मला त्याची काळजी वाटली.

"बसली," त्या म्हणाल्या. "ब्लाउज बसावा तशी."

गोळी त्यांनी कधीच झाडली नाही. त्या वर्षीच्या खंडेनवमीला मात्र पुसून झाल्यावर त्यांनी ती कुणाच्या हातात दिली नाही. स्वतः खांद्याला लावली, मग पाटावर ठेवली. पुतण्या त्या दिवशी प्रसादात नारळ कमी आहे म्हणून चिडला होता.

अक्का गेल्या त्याला आता बरीच वर्षं झाली. परवाना यथावकाश पुतण्याच्या नावावर आला. तो अजून भावी आहे. नवा दस्ता तो आजोबांच्या मापाचा करून घेईल, अशी माझी खात्री होती. चौकशीही त्याने केली होती. का नाही केला, हे मी विचारलं नाही. गेल्या खंडेनवमीच्या आदल्या दिवशी त्याचा फोन आला. "क्वालिटीकाका, उद्या अक्कांच्या बंदुकीची पूजा आहे. यायचं."

गेलो. पूजा झाली, त्याने बंदूक उचलली आणि खांद्याला लावली. तो आजोबांवर गेलेला, चांगला उंच. आखूड दस्त्यावर गाल टेकवायला त्याला मान पार खाली घालावी लागली. पाहुण्यांना वाटलं, नमस्कार करतोय. त्यांचा तो समज त्याने दुरुस्त केला नाही.